देणगीच्या फॉर्मवर लिहिलेली माहिती पुढे कुठे जाते?

मार्चचा शेवटचा आठवडा आला की नव्या पेठेतल्या आमच्या संस्थेचा फोन दिवसभर वाजत राहतो. आर्थिक वर्ष संपायच्या आत देणगी द्यायची आणि आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जीची पावती पदरात पाडून घ्यायची, अशी सगळ्यांची घाई असते. मी दर शनिवारी तिथे वेबसाइटचं काम बघायला जाते, त्यामुळे फोन उचलायचं कामही बऱ्याचदा माझ्याकडेच येतं. मागच्या मार्चमध्ये असाच एक फोन उचलला तर पलीकडे माझी आत्या.

“अगं, तुमच्या फॉर्मवर नाव लिहिलं, रक्कम लिहिली. आता पत्ता मागतायत, पॅन मागतायत, मोबाइल मागतायत आणि वर जन्मतारीख! पैसे मी देतेय ना? मग माझीच एवढी झडती कशाला?”

आत्याने तीस वर्षं बँकेत काढली आहेत. सही करण्याआधी कागद वाचायचा असतो, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. पत्ता आणि पॅन का लागतो ते मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. जन्मतारखेपाशी मात्र अडले. तो फॉर्म मीच बसवला होता. तयार साच्यात जन्मतारखेचा रकाना होता, तो तसाच राहिला आणि दोन वर्षं लोक तो निमूटपणे भरत राहिले. आम्ही ती तारीख कधी वापरली नव्हती. त्या संध्याकाळी मी तो रकाना काढला, आधी जमलेल्या तारखा पुसल्या आणि उरलेल्या प्रत्येक रकान्यापुढे तीन प्रश्न लिहून बसले: हे कशाला हवं, किती दिवस हवं, आणि आमच्याखेरीज कोणाकोणाला दिसतं?

देणगीच्या पैशाचा हिशेब संस्था पै न् पै देते. देणगीदाराच्या माहितीचा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाही. तो मागता यावा, म्हणून त्या प्रश्नांची मला मिळालेली उत्तरं इथे मांडते आहे.

एक अक्षरही लिहिण्याआधी

फॉर्म ही फार पुढची गोष्ट झाली. वेबसाइट उघडली की त्या क्षणी तुमची थोडी माहिती तिकडे पोचलेली असते. पान मागवायचं तर ते कुठे पाठवायचं हे सांगावं लागतं. तो परतीचा पत्ता म्हणजे आयपी अॅड्रेस. त्यावरून तुमचं घर कळत नाही, पण इंटरनेट कोणत्या कंपनीचं आणि साधारण कोणत्या शहरातलं, एवढं कळतं. कोणतं पान, किती वाजता, कोणत्या ब्राउझरवर उघडलं, याची एक ओळ सर्व्हरच्या नोंदवहीत पडते. हल्ला झाला किंवा बिघाड आला तर शोध घ्यायला ही वही लागते. ती ठेवण्यात गैर काही नाही, वर्षानुवर्षं साठवून ठेवण्याचं मात्र कारण नाही.

मग येते कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली या तंत्रज्ञाने ती तयार केली, कारण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की वेबसाइटला तुमची ओळखच राहत नसे. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला आठवा. बिल्ल्यावर फक्त आकडा असतो, पण परत आल्यावर कोणत्या चपला तुमच्या हे स्टँडवाल्याला कळतं. फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहिलेली रक्कम दुसऱ्या पानावर दिसते ती असल्याच बिल्ल्यामुळे. हा बिल्ला त्या देवळापुरता असतो.

आता कल्पना करा, गावातल्या प्रत्येक देवळाबाहेर एकाच मालकाचा स्टँड आहे, सगळीकडे तुम्हाला तोच आकडा मिळतो आणि तुम्ही कोणत्या दिवशी कोणत्या देवळात गेलात हे तो मालक एका वहीत लिहीत जातो. जाहिरात कंपन्यांच्या कुकी आणि ‘पिक्सेल’ हे काम करतात. पिक्सेल म्हणजे वेबसाइटच्या पानात घातलेला छोटासा कोड. पान उघडलं की तो कोड फेसबुकसारख्या कंपनीला कळवतो, की या ब्राउझरने हे पान पाहिलं. त्याच ब्राउझरवर तुमचं खातं उघडं असेल तर पाहणारं कोण हेही बहुतेक वेळा जुळवता येतं. संस्था हा कोड का घालतात? जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशातून देणगी आली का, हे कळावं म्हणून. हेतू साधा असतो. पण वही संस्थेच्या हातात राहत नाही.

पॅन, पत्ता आणि गुप्तदान

आता आत्याच्या झडतीकडे येऊ. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून, ८०जीची सवलत देणाऱ्या संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागू लागलं. फॉर्म १०बीडी म्हणतात तो हाच, आणि त्याची मुदत ३१ मे. त्यात देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम आणि ती रोख आली की बँकेतून, हे भरायचं. ते भरलं की १०बीई नावाचं प्रमाणपत्र तयार होतं आणि सवलत मागताना देणगीदाराला तेच लागतं. म्हणजे पॅनचा एक आकडा जरी चुकला तरी सवलत अडकते. ओळख क्रमांक म्हणून आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांचे आकडेही चालतात, पण सवलतीचं काम पॅननेच सरळ होतं. पॅन दिल्यावर आधार कार्डाचा फोटो कोणी मागत असेल तर कारण विचारा. द्यावाच लागला तर ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते मास्क केलेलं आधार द्या. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवून घेता येतं.

“मला सवलत नको, नाव लावू नका, गुप्तदान समजा,” असं सांगणारेही पुष्कळ भेटतात. त्यांचं नाव आम्ही अहवालात छापत नाही, फलकावर लावत नाही. पण हिशेबाच्या वहीतून ते गाळता येत नाही. ज्यांचं नाव-पत्ता संस्थेकडे नाही अशा देणग्या ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या तर त्यावर संस्थेला तीस टक्के कर बसतो. (पूर्णपणे धार्मिक संस्थांना यातून सूट आहे, म्हणून देवळाच्या दानपेटीला कोणी नाव विचारत नाही.) गुप्तदान जगापासून गुप्त राहू शकतं, संस्थेच्या हिशेबनिसापासून नाही.

वेबसाइटवर काही वेळा ‘तुम्ही भारतीय नागरिक आहात का’ असं विचारून पासपोर्टचा क्रमांकही मागतात. परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरए कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. त्यामुळे हा प्रश्न संस्थेला टाळता येत नाही.

कार्डाच्या नंबराची भीती लोकांना सर्वांत जास्त वाटते. खरं तर तिथेच धोका सर्वांत कमी उरला आहे. पैसे भरायच्या वेळी तुम्ही पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन पोचवणाऱ्या कंपनीच्या, ताब्यात जाता, कार्डाचा नंबर तिकडे भरता आणि संस्थेला फक्त ‘रक्कम जमा’ एवढा निरोप आणि व्यवहार क्रमांक येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार असो की संस्था, कार्डाचा पूर्ण नंबर कोणीच साठवून ठेवू शकत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या नंबराच्या जागी दिलेला वेगळाच आकडा, वापरायचं. यूपीआयवरून पैसे पाठवताना मात्र एक लक्षात ठेवा. तुमच्या यूपीआय आयडीत मोबाइल नंबरच असेल, तर फॉर्मवर नंबर न लिहिताही तो समोरच्याला कळतो.

ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही सांगायला हवं. वाटेत कोणी चोरून वाचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस खरा आहे याची हमी ते कुलूप देत नाही. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर होताच, एकेका अक्षराच्या फरकाने खोटे यूपीआय आयडी फिरायला लागले होते. म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं खातेदाराचं नाव संस्थेच्या नोंदणीकृत नावाशी ताडून बघा.

माहिती खरी फुटते ती कार्यालयात

तंत्रज्ञानाच्या बाजूने सगळं चोख असलं तरी शेवटी माहिती येऊन पडते ती एका एक्सेल शीटमध्ये. ती शीट हिशेबनिसांकडे जाते, त्यांच्याकडून सीएंकडे, एखाद्या विश्वस्तांच्या व्हॉट्सअॅपवर, कार्यक्रमाची निमंत्रणं पाठवणाऱ्या स्वयंसेवकाच्या लॅपटॉपवर. वर्षभराने मोजायला गेलात तर त्याच यादीच्या सात-आठ प्रती निघतात आणि त्यातल्या निम्म्या कोणाकडे आहेत हे कोणालाच आठवत नाही.

आमच्याकडून झालेली चूक सांगते. आमची संस्था व्यसनमुक्तीचं आणि कुटुंबांच्या समुपदेशनाचं काम करते. एका दिवाळीत तीनशेहून जास्त देणगीदारांना शुभेच्छांचा मेल गेला आणि सगळ्यांचे पत्ते ‘टू’च्या रकान्यात गेले. प्रत्येकाला प्रत्येकाचं नाव दिसलं. तासाभरात एक फोन आला. बोलणाऱ्या गृहस्थांचा मुलगा आमच्याकडे उपचार घेऊन बरा झाला होता आणि त्या कृतज्ञतेपोटी ते दरवर्षी देणगी देत. त्याच यादीत त्यांच्या ऑफिसातले एक जण होते. ते चिडले नाहीत. “आता उद्या मला विचारतील, तुमचा या संस्थेशी संबंध कसा म्हणून,” एवढंच म्हणाले. आम्ही माफी मागितली, सगळ्यांना मेल पुसून टाकायची विनंती केली. पण गेलेला मेल परत येत नाही. साध्या नाव-ईमेलच्या यादीत काय एवढं गुपित असतं, असं मला त्याआधी वाटायचं. कोणत्या संस्थेची यादी, यावर ते सगळं अवलंबून असतं.

त्यानंतर आमचे मेल एका बाहेरच्या सेवेतून एकेकाला स्वतंत्र जायला लागले. पण बाहेरची सेवा म्हणजे माहिती सांभाळणारा आणखी एक जण वाढला, हेही खरं. ब्लॅकबॉड या अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअर जगभरातल्या धर्मादाय संस्था आणि विद्यापीठं देणगीदारांच्या नोंदींसाठी वापरतात. २०२० मध्ये तिच्या यंत्रणेत खंडणीखोर हॅकर शिरले आणि तेरा हजारांहून जास्त ग्राहक-संस्थांची माहिती त्यात सापडली. कंपनीने २४ बिटकॉइन खंडणी भरली. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर ठेवलेल्या आरोपांपैकी एक मला फार महत्त्वाचा वाटतो: गरज संपलेली माहिती, अगदी सोडून गेलेल्या ग्राहकांचीसुद्धा, कंपनीने वर्षानुवर्षं पुसलीच नव्हती. जी माहिती ठेवलेलीच नाही ती चोरीला जात नाही. आमच्या जन्मतारखांच्या रकान्याबद्दल मला अजून वाईट वाटतं ते याचसाठी.

रात्री एक वाजता वेबसाइटवर येणारी माणसं

गोपनीयतेचं धोरण लिहिताना संस्थांच्या डोळ्यांसमोर देणगीदार असतो. आमच्याही होता. पण रात्री अकरानंतर आमच्या वेबसाइटवरची देणगीची पानं क्वचितच कोणी उघडतं. उघडली जातात ती ‘घरात कोणी दारू पीत असेल तर’, ‘दाखल करायचं तर काय करावं लागतं’ ही पानं. वाचणारी बहुधा कोणाची तरी बायको, आई, मुलगी असणार. हातातला फोन तिचा एकटीचा असेलच असं नाही.

त्या पानावर जाहिरात कंपनीचा पिक्सेल असेल तर काय होईल, याचा विचार करा. ती काही लिहीत नाही, नाव सांगत नाही, फक्त वाचते. दुसऱ्या दिवशी त्याच फोनवर व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिराती यायला लागतात, आणि फोन असतो नवऱ्याच्या हातात. देणगीदाराची माहिती फुटली तर संकोच होतो, मनस्ताप होतो. हिची फुटली तर तिला घरात मार बसू शकतो. म्हणून माझं ठाम मत झालं आहे, की मदत मागणाऱ्यांच्या पानावर बाहेरच्या कंपनीचा कोणताही कोड असू नये. देणगीच्या पानाबाबत वाद घालता येईल, इथे वादाला जागा नाही. आम्ही त्या पानांवरून सगळं काढलं. संपर्काच्या फॉर्ममध्ये नाव ऐच्छिक केलं आणि ‘तुम्हाला कोणत्या वेळी फोन केलेला चालेल’ हा नवा रकाना घातला. ‘लगेच बाहेर पडा’ असं बटणही ठेवलं. दाबलं की हवामानाचं पान उघडतं. पण त्या बटणाने ब्राउझरचा इतिहास पुसला जात नाही, म्हणून तो कसा पुसायचा हे त्याच पानावर तीन ओळींत लिहिलं.

मदत घेणाऱ्यांच्या नोंदींवरही चोरांचा डोळा असतो. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केलं, की युद्धं आणि आपत्तींमध्ये कुटुंबापासून दुरावलेल्या, बेपत्ता झालेल्या आणि कैदेत असलेल्या पाच लाख पंधरा हजारांहून जास्त लोकांची माहिती सायबर हल्ल्यात सापडली आहे. साठ तरी देशांतल्या रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंट सोसायट्यांनी ती गोळा केलेली होती. ज्यांच्याकडे गमावायला काहीच उरलं नाही असं आपण म्हणतो, त्यांची ती माहिती.

आणि फोटो. वही-दप्तर वाटपाचा फोटो, खाली मुलांची नावं, शाळेचं नाव. देणगीदारांना ‘तुमचा पैसा कुठे गेला’ हे दाखवायला तो टाकला जातो. त्या मुलाला वीस वर्षांनी स्वतःचं नाव शोधताना तो सापडेल. फोटो टाकण्याआधी आपण त्याला विचारलं होतं का?

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत आहे. धर्मादाय संस्था म्हणून यातून सरसकट सूट नाही.

माहिती गोळा करणाऱ्याला या कायद्यात ‘डेटा फिड्युशियरी’ म्हटलं आहे. दुसऱ्याचं विश्वासाने सोपवलेलं सांभाळणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द आहे: विश्वस्त. आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं आणि पुढचं फारसं समजवावं लागलं नाही.

संमती घेताना माहिती कोणती आणि कशासाठी हे साध्या भाषेत सांगायचं; संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. माहिती फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची ती आहे त्यांना विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा. सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मला स्वतःला यातलं सर्वांत मोलाचं कलम भाषेचं वाटतं. संमतीची विनंती आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला लागतो. त्यात मराठी आहे.

आमचं जुनं धोरण कुठल्या तरी साच्यावरून उचललेलं होतं. त्यातलं एक वाक्य असं: “सेवा-सुधारणेच्या उद्देशाने आपली माहिती आम्ही विश्वासार्ह भागीदारांसह सामायिक करू शकतो.” हे वाचून कोणालाही काही कळणं शक्य नव्हतं. त्या जागी आता आहे: “तुमचं नाव, पत्ता, पॅन आणि देणगीची रक्कम आम्ही आयकर खात्याला कळवतो. आमचे सीए ती पाहतात. मोबाइल नंबर पावती पाठवण्यापुरता वापरतो आणि तुम्ही सांगितलंत की पुसतो. आणखी कोणालाही देत नाही.” ही वाक्यं लिहायला दोन शनिवार गेले, कारण प्रत्येक वाक्य खरं आहे ना हे आधी तपासावं लागलं. ‘आणखी कोणालाही देत नाही’ हे लिहिता यावं म्हणून एक जुनी मेल-सेवा बंद करावी लागली.

“माझी सगळी माहिती पुसून टाका,” असं कोणी कळवलं तर? सगळी पुसता येत नाही. धर्मादाय संस्थांनी हिशेबाची कागदपत्रं कशी आणि किती काळ ठेवायची याचा आयकराचा नियम २०२२ मध्ये आला. त्यात मुदत आहे संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षांची आणि देणगीदाराचं नाव-पत्ता त्या कागदपत्रांतच येतो. कायद्याने ठेवायला लावलेलं ठेवण्याची मुभा डेटा कायदाही देतो. पण मोबाइल नंबर, ईमेल, वाढदिवस, कोणत्या कार्यक्रमाला आला होतात याच्या नोंदी, फोटो, हे सगळं पुसता येतं. तेव्हा पत्रात ‘सगळं’ न लिहिता नेमकं काय पुसायचं ते लिहा. संस्थेला पळवाट उरत नाही.

आत्याने त्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि देणगी दिली. ‘संस्थेच्या कामाची माहिती पाठवत राहा’ या चौकटीत मात्र खूण केली नाही. मेअखेरीस तिला १०बीई प्रमाणपत्र गेलं. पाठवून झाल्यावर हिशेबनीस बाईंनी तिचा मोबाइल नंबर शीटमधून माझ्यासमोर काढला, मग स्वतःच्या फोनमधूनही काढला. त्यानंतर संस्थेकडून आत्याला एकही मेसेज गेलेला नाही.